सांगितले असते तर

नागपुरातल्या लक्ष्मीनगर भागात एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत आम्ही दोघेतिघे जुने कारखानदारीतले लोक दर दुसऱ्या रविवारी आयटीआय आणि तंत्रनिकेतनात शिकणाऱ्या मुलामुलींबरोबर विज्ञानकथा वाचतो. उन्हाळ्यात कुलरच्या घरघरीत एकमेकांचे बोलणे धड ऐकू येत नाही, तरी मुले येतात, आणि अंतराळयानांपेक्षा त्यात बसलेल्या माणसांवरच अधिक भांडतात. अलीकडे एका रविवारी ‘एंडर्स गेम’ ही ऑर्सन स्कॉट कार्ड यांची १९८५ ची कादंबरी चर्चेला होती. एंडर नावाच्या अत्यंत हुशार मुलाला युद्धाचे शिक्षण दिले जाते. मेझर रॅकहॅम हा पूर्वीच्या युद्धाचा नायक त्याचा गुरू होतो आणि पडद्यावरच्या लढायांत त्याला रोज झुंजवतो. शेवटच्या परीक्षेत एंडर शत्रूचा अख्खा ग्रह उडवून देतो आणि मग त्याला कळते, की त्या लढाया सराव नव्हत्या. गेले कित्येक दिवस तो खऱ्या सैन्याला खरे हुकूम देत होता आणि एक संपूर्ण प्रजाती त्याच्या हातून संपली आहे. मोठ्यांचे म्हणणे असे, की शत्रूचे मन ओळखण्याइतकी करुणा ज्याच्यात आहे, त्याने जाणूनबुजून हे केलेच नसते. म्हणून त्याला फसवणे भाग होते.

यावर फिटरच्या दुसऱ्या वर्षाला असलेला एक मुलगा म्हणाला, “सर, त्याले सांगतलं असतं तं तो भेला असता ना. मग काम कोनं केलं असतं?” खोलीतल्या निम्म्याहून अधिक मुलांनी माना डोलावल्या. मला मात्र हे वाक्य ओळखीचे वाटले, कारण ते मी एकदा माझ्या उस्तादांच्या तोंडून ऐकले आहे.

१९८९ साली मी हिंगणा एमआयडीसीतल्या एका लहानशा कारखान्यात शिकाऊ उमेदवार होतो. पत्र्याचे ब्रॅकेट आणि क्लिपा निघत. ट्रेड फिटरचा असला तरी पॉवर प्रेसवरचा ऑपरेटर आला नाही की आमच्यापैकी कोणालातरी स्टुलावर बसवले जाई. काम सोपे दिसे. डायमध्ये, म्हणजे खालच्या साच्यात, पत्रा ठेवायचा, पायाने पेडल दाबायचे, रॅम, म्हणजे वरचा जड दट्ट्या, खाली येऊन वर गेला की तुकडा काढून पुढचा पत्रा ठेवायचा. उस्तादांनी मला एकच गोष्ट बजावली होती, “पेडल मारलं का हात मांगं. लगेच मांगं.” हे ते दिवसातून दहा वेळा ओरडत, आणि मी ते हाताच्या चपळाईविषयी आहे, म्हणजे उत्पादन वाढवण्याविषयी आहे, असे समजत होतो. एका दुपारी एकदा पेडल दाबल्यावर रॅम दोनदा खाली आला. प्रेस डबल मारते म्हणतात ते हे. क्लचची चावी झिजली की असे होते, आणि त्या मशीनवर ते अधूनमधून होत असल्याचे उस्तादांना ठाऊक होते, सुपरवायझरला ठाऊक होते, आणि जो ऑपरेटर त्या दिवशी आला नव्हता त्यालाही बहुधा ठाऊक होते. माझ्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचे पहिले पेर गेले.

पुढे बऱ्याच वर्षांनी मी उस्तादांना गोकुळपेठच्या बाजारात गाठले आणि विचारले. त्यांनी टाळाटाळ केली नाही. “तुले सांगतलं असतं तं तू त्या मशीनजवळ गेलाच नसता,” ते म्हणाले, “अन् त्या दिवशी माल द्यायचा होता.” त्यांचा राग येण्याऐवजी मला तेव्हा त्यांच्या प्रामाणिकपणाचे नवल वाटले. राग नंतर आला. आता या वयात मला त्या वाक्याविषयी जे म्हणायचे आहे, ते असे: ‘सांगितले असते तर त्याने केले नसते’ हे गुरूचे समर्थन नव्हे, तो त्याचा कबुलीजबाब आहे. ज्या गोष्टीला शिष्य नाही म्हणाला असता, तीच त्याच्याकडून त्याला न कळत करून घेतली, एवढेच त्यातून सिद्ध होते. शिष्याचा विश्वास हा इथे शिकवण्याचा पाया राहत नाही. तो त्याला चालवण्याचे पेडल होतो.

विज्ञानकथेला हा प्रश्न फार जुना आहे आणि तिने बहुतेक वेळा त्याचे उत्तर गुरूच्या बाजूने दिले आहे. ‘स्टार वॉर्स’च्या १९७७ च्या पहिल्या चित्रपटात ओबी-वॅन केनोबी हा गुरू आपल्या शिष्याला, ल्यूकला सांगतो, की खलनायक डार्थ व्हेडरने तुझ्या वडिलांचा विश्वासघात करून त्यांना मारले. १९८० च्या दुसऱ्या चित्रपटात ल्यूकला कळते, की व्हेडर हाच त्याचा बाप आहे. (हे कळायच्या क्षणी त्याचा हात तुटलेला असतो, ही जागा मी इतरांपेक्षा थोडी अधिक लक्षपूर्वक पाहतो.) १९८३ च्या तिसऱ्या चित्रपटात ल्यूक जाब विचारतो तेव्हा गुरू म्हणतो, की मी सांगितले ते एका दृष्टीने पाहिले तर खरेच होते. जगभरच्या प्रेक्षकांनी हे उत्तर थोडे कुरकुरत का होईना पचवले. आपल्याकडच्या वाचकाला ते पचवायला जड जायला हवे, कारण ‘नरो वा कुंजरो वा’ आपण लहानपणीच ऐकलेले असते. द्रोणाचार्य अश्वत्थाम्याविषयी युधिष्ठिरालाच विचारतात, कारण तो खोटे बोलणार नाही हा त्यांचा विश्वास असतो, आणि नेमका तोच विश्वास त्यांचा जीव घेतो. तिथे अर्धसत्य शिष्याचे आहे आणि इथे गुरूचे, एवढाच फरक. महाभारताने युधिष्ठिराचा चार बोटे अधांतरी चालणारा रथ जमिनीवर आणला. ओबी-वॅनला मात्र त्या अर्धसत्याची काहीच किंमत मोजावी लागत नाही.

आयझॅक असिमोव्ह यांच्या १९५१ च्या ‘फाउंडेशन’मध्ये तर ही फसवणूक व्यक्तीपुरती न राहता एका संपूर्ण वसाहतीची होते. हॅरी सेल्डन हजारो लोकांना ज्ञानकोश तयार करण्यासाठी म्हणून आकाशगंगेच्या कडेच्या टर्मिनस ग्रहावर पाठवतो. पन्नास वर्षांनी त्याची आधीच मुद्रित करून ठेवलेली प्रतिमा प्रकट होऊन सांगते, की ज्ञानकोश हा बहाणा होता. योजना कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून त्या वसाहतीत मानसशास्त्राचे जाणकारच मुद्दाम ठेवलेले नसतात. सोळाव्या वर्षी हे वाचताना मी थक्क झालो होतो. आता वाचताना मला त्या पन्नास वर्षांत ज्ञानकोशाच्या कार्ड्स लिहीत म्हातारे झालेले लोक दिसतात, ज्यांच्याविषयी कादंबरी फारसे बोलत नाही.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो खरोखर वजनदार आहे. शिकवणे म्हणजेच काही काळ काही गोष्टी न सांगणे नव्हे काय? ज्याने कोणाला कधी काही शिकवले आहे, त्याला याचे उत्तर ‘होय’ असेच द्यावे लागेल. त्याच उस्तादांनी मला पहिले अडीच आठवडे एका लोखंडी ठोकळ्यावर कानस मारायला लावली होती. कशासाठी, ते सांगितले नाही. सहाही बाजू सपाट आणि एकमेकींशी काटकोनात हव्यात, एवढेच. रोज संध्याकाळी ते ठोकळा घेत, त्याला गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचे साधन, लावून खिडकीच्या उजेडाकडे धरत, आणि फटीतून उजेड दिसला की न बोलता परत माझ्या हातात ठेवत. कुठे चुकते हे त्यांनी पहिल्या दिवशी सांगितले असते, की तुझा डावा हात कानशीला पुढच्या टोकाला जास्त दाबतो, तर मला ते वाक्य कळले असते आणि हाताला काहीच कळले नसते. नवव्या की दहाव्या दिवशी ते माझे मलाच उमगले. त्या मौनाबद्दल मी त्यांचा आजही ऋणी आहे.

तेव्हा प्रश्न बोलणे आणि गप्प राहणे यांच्यातला नाही. एकाच माणसाच्या दोन मौनांतला आहे. कानशीच्या वेळी उस्तादांनी माझ्यापासून उत्तर लपवले. प्रेसच्या वेळी त्यांनी डाव लपवला, म्हणजे पणाला काय लागले आहे ते. ठोकळा बिघडला असता तर लोखंड वाया गेले असते आणि ते मला ठाऊक होते. प्रेसवर काय जाऊ शकते ते मला ठाऊक नव्हते, आणि ज्याचे जाणार होते तो मीच होतो. गुरूने उत्तर कितीही काळ राखून ठेवावे, तो त्याच्या कलेचा भाग आहे. आपण कशात उतरतो आहोत, आपल्या हातून काय घडणार आहे आणि आपले काय जाऊ शकते, हे मात्र शिष्याला पेडलवर पाय ठेवण्याआधी कळले पाहिजे. ल्यूकपासून दडवलेली गोष्ट उत्तर नव्हती, तो कोणावर शस्त्र उचलतो आहे हे होते. एंडरपासून दडवलेली गोष्ट डावपेच नव्हते, मारले जाणारे जीव खरे आहेत हे होते.

आतापर्यंत मी गुरूच्याच तोंडाविषयी बोललो. पण संवाद तुटतो तो दोन्ही टोकांना, आणि शिष्याच्या टोकाला काय होते याचे एक उत्तम चित्रण, गंमत म्हणजे, त्याच ‘स्टार वॉर्स’मध्ये आहे. २००५ च्या चित्रपटात अनाकिनला, म्हणजे पुढे डार्थ व्हेडर होणाऱ्या जेडाय योद्ध्याला, आपली पत्नी मरताना स्वप्नात दिसते. तो जेडायांच्या वडीलधाऱ्या गुरूकडे, योडाकडे जातो, पण लग्न गुप्त असल्यामुळे, आणि जेडायांना लग्नाची मुभाच नसल्यामुळे, नाव न घेता जवळच्या कोणाविषयी तरी म्हणून विचारतो. ज्याला गमावण्याची भीती वाटते ते सोडून द्यायला शीक, असा उपदेश त्याला मिळतो. उपदेश म्हणून तो चुकीचा नाही; आपल्या संतांनीही याहून फार वेगळे सांगितलेले नाही. पण योडा विचारत नाही, की कोण आहे ती व्यक्ती? पुढे जेडायांचे मंडळ अनाकिनला आपल्यात जागा देते पण मास्टरचा दर्जा देत नाही, आणि त्याच वेळी ज्या राज्यप्रमुख पॅल्पाटिनशी त्याचा स्नेह आहे त्याच्यावर पाळत ठेवायला सांगते. पॅल्पाटिन हा खलपुरुष आहे, पण संपूर्ण कथेत अनाकिनचे बोलणे सवडीने ऐकून घेणारा तेवढाच एक आहे. शिष्याचा विश्वास योग्य माणसाकडे जातोच असे नाही. बहुधा तो ऐकणाऱ्याकडे जातो. कारखान्यातही नव्या मुलाला मशीनच्या खोडी उस्तादापेक्षा चहाच्या टपरीवरचा एखादा उडाणटप्पूच आधी सांगतो, आणि त्यासोबत गार्ड, म्हणजे मशीनचे संरक्षक आवरण, काढून काम कसे लवकर उरकते तेही सांगतो.

कर्णाची गोष्ट याच्याही मागे जाते. परशुरामांनी अस्त्रविद्या फक्त ब्राह्मणांना देण्याची अट घातली, कर्णाने जात लपवून ती घेतली, आणि सत्य कळताच गुरूने शाप दिला, की ऐन वेळी विद्या आठवणार नाही. आपण पिढ्यानपिढ्या या कथेत कर्णाचे खोटे बघत आलो. पण जिथे खरे सांगितले तर दारच उघडणार नाही, तिथे खोटे हे दाराच्या अटीतच लिहिलेले असते. ज्या उस्तादाकडे चूक कबूल केली की आठवडाभर झाडू मारावा लागतो, त्याच्या शॉपमध्ये तुटलेला टॅप, म्हणजे आटे पाडायचे हत्यार, जॉबच्या आतच राहतो आणि वरून ग्रीस लावले जाते. मी स्वतः असे ग्रीस लावले आहे. आणखी एक गोष्ट इथे लिहून ठेवली पाहिजे. उस्तादांच्या डाव्या हाताची करंगळी अर्धी होती. आम्ही चौघे शिकाऊ मुले वर्षभर ती रोज बघत होतो. ती कशी गेली, हे आमच्यापैकी एकानेही कधी विचारले नाही, कारण विचारणे हा आगाऊपणा ठरला असता.

विज्ञानकथेत चांगले गुरू नाहीतच असे नाही. ‘स्टार ट्रेक’ मालिकेच्या १९९२ मधल्या ‘द फर्स्ट ड्यूटी’ या भागात वेस्ली क्रशर आणि त्याचे सहाध्यायी बंदी असलेली एक हवाई कसरत करून बघतात, त्यात त्यांचा एक मित्र मरतो, आणि ते सगळे मिळून चौकशीत खोटे बोलतात. कॅप्टन पिकार्डला सत्य कळते. तो वेस्लीला एकट्याला बोलावून आपल्याला काय कळले आहे ते समोर ठेवतो आणि सांगतो, की तू बोल, नाहीतर मी बोलेन. इथे गुरूने पत्ते लपवलेले नाहीत, धमकीसुद्धा उघड आहे. मला हा प्रसंग योडाच्या सगळ्या सुभाषितांपेक्षा मोठा वाटतो.

आणि खऱ्या विज्ञानातला एक प्रसंग, जो मराठी विज्ञानकथेच्या घरातलाच आहे. १९६१ साली केंब्रिजमध्ये खगोलशास्त्रज्ञ मार्टिन राइल यांनी आकाशातल्या रेडिओस्रोतांच्या मोजणीच्या आधारे फ्रेड हॉइल यांचा स्थिर स्थिती विश्वाचा, म्हणजे विश्वाला आरंभ नाही असे मानणारा, सिद्धांत खोडून काढला असल्याचे जाहीर केले. त्याला द्यायचे उत्तर रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीपुढे मांडण्याचे काम हॉइल यांनी आपल्या नव्या संशोधक विद्यार्थ्यावर, जयंत नारळीकरांवर सोपवले. संशोधनाला लागून जेमतेम वर्ष झालेला विशीतला मुलगा, आणि समोर त्या विषयातली मोठी माणसे. पण डाव काय आहे, विरोधक कोण आहेत आणि आपला सिद्धांत कुठे अडचणीत आहे, हे त्याला पूर्ण ठाऊक होते. हिशेब त्याने स्वतः केले होते. हॉइल स्वतः विज्ञानकथा लिहीत, नारळीकरांनीही पुढे मराठीत लिहिल्या, आणि १९७४ मध्ये पहिली कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावाने पाठवली, म्हणजे परीक्षकांनी नावाकडे पाहून निकाल देऊ नये. स्थिर स्थितीचा सिद्धांत पुढे पुराव्यापुढे मागे पडला, आणि शिष्याने गुरूची बाजू गरजेपेक्षा अधिक काळ लावून धरली असे म्हणणारे आहेत. त्यांच्याशी मी वाद घालणार नाही. मला एवढेच दिसते, की तिथे शिष्याला पुढे केले ते डोळे उघडे ठेवून.

आपल्या पुराणात याच्या तोडीचा प्रसंग कचाचा आहे. तो शुक्राचार्यांकडे येतो तेव्हा आपण बृहस्पतीचा पुत्र असल्याचे सांगूनच येतो, म्हणजे शत्रूच्या गोटातला असल्याचे सांगून. असुर त्याची राख मद्यात मिसळून गुरूलाच पाजतात, आणि मग शुक्राचार्यांना पोटातल्या शिष्याला संजीवनी विद्या शिकवावी लागते. तो पोट फाडून बाहेर येईल तेव्हा गुरू मरणार आहे, आणि त्याला उठवायचे की नाही हे सर्वस्वी शिष्याच्या हातात आहे. इथे एकदाच डाव गुरूच्या जिवाचा आहे, आणि तो दोघांनाही ठाऊक आहे.

आता हिंगणा आणि बुटीबोरीच्या कारखान्यांकडे येतो, कारण कथांवरचा हा वाद मला केवळ कथांसाठी घालायचा नाही. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा आहे. त्याने शिकाऊ उमेदवाराला कामगार न मानता प्रशिक्षणार्थी मानले, तरी सुरक्षेच्या तरतुदी त्याला लागू केल्या आणि दुखापतीच्या भरपाईचीही सोय केली. भरपाई मलाही मिळाली होती. पण भरपाई ही बोट गेल्यानंतरची गोष्ट आहे. माझी मागणी त्याआधीची आहे. ज्या मशीनवर शिकाऊ मुलाला बसवायचे, तिचा ठाऊक असलेला प्रत्येक दोष शिफ्टच्या रजिस्टरमध्ये लिहिलेला असावा आणि तो त्याला त्याच्या भाषेत तोंडी सांगितल्याशिवाय त्याला तिथे बसवता येऊ नये. आणि शॉपमध्ये उस्तादाखेरीज आणखी एक माणूस असा ठरलेला असावा, की ज्याच्याकडे मुलाने जाऊन ‘मला याची भीती वाटते’ असे म्हटले तर ते उस्तादाच्या विरोधातले चहाडखोरपण समजले जाऊ नये. आयटीआयच्या निदेशकांनी मुलांच्या भेटीला जाताना हजेरीच्या वहीसोबत हे रजिस्टरही उघडून पाहावे. याला पैसा जवळजवळ लागत नाही. लागते ते माल उशिरा जाण्याची तयारी, आणि मला कल्पना आहे की ती पैशांपेक्षा महाग आहे. माझ्या उस्तादांनीही क्लचची तक्रार सुपरवायझरकडे दोनदा केली होती, हे त्यांनी गोकुळपेठेत मला सांगितले. म्हणजे त्यांच्या वरही कोणीतरी होते, ज्याने ऐकले नव्हते. रजिस्टरात ती तक्रार लिहिलेली असती तर निदान माझ्याऐवजी ते पान बोलले असते.

त्या रविवारी चर्चा संपल्यावर तो फिटरचा मुलगा खाली गाडीजवळ रेंगाळत होता. पुढच्या सोमवारपासून त्याची शिकाऊ उमेदवारी एका प्रेस शॉपमध्ये सुरू होणार होती. हेल्मेट हातात धरून त्याने विचारले, “पन सर, प्रेस डबल मारते हे आधी समजते का?” मी म्हटले, नेहमी नाही, पण पुष्कळदा समजते. स्ट्रोक मारून रॅम वर आला की तो जागेवर ठाम थांबतो का बघ. वरच्या टोकाशी किंचित पुढे घसरून थांबत असेल तर ब्रेक सैल आहे. क्लच सुटताना रोजचा आवाज बदलला, तर पायाखालचे पेडल सोडून दे आणि मेन स्विच बंद कर. चावी झिजली आहे का हे मशीन पूर्ण बंद असतानाच पाहतात, आणि ते तुझे काम नाही, पण ज्याचे आहे त्याला विचार. त्याने आणखी विचारले, मी आणखी सांगितले, आणि वाचनालयाचा शिपाई फाटक लावायला आला तेव्हा मी माझे बोट त्याच्या हातात देऊन कुठल्या पेरावर काय झाले ते दाखवत होतो.